‘बंपर काढा’ : दोन शब्दांच्या सूचनेवर थोडी टीका

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचा मसुदा सरांकडून परत आला, तेव्हा त्यात एकाच शब्दाभोवती लाल पेनाने गोल केलेले होते. मी मोजले. अकरा. शब्द होता ‘अव्यक्त’. ‘मिस्त्रींचे अव्यक्त ज्ञान’, ‘अव्यक्त कौशल्य’, ‘सदर ज्ञान अव्यक्त स्वरूपाचे असल्याने’ वगैरे. शेवटच्या गोलाशेजारी समासात एवढंच लिहिलं होतं: अव्यक्त आहे, की तुम्ही विचारलंच नाही?

खरं सांगते, दोन दिवस राग आला होता. माझा विषय नागपुरातल्या जुन्या गाड्यांची दुरुस्ती करणारी गॅरेजं. या विषयावर जे काही वाचलं त्यात ‘टॅसिट नॉलेज’ हा शब्द मिठासारखा सगळीकडे आहे. मी तो मराठीत आणला आणि वापरला, त्यात काय चुकलं? मग एप्रिलमध्ये एका बंपरने ते समजावलं. तर आजची पोस्ट ही एका संकल्पनेवरची आणि तुम्हाला कोर्सवर्कमध्ये हातात मिळणाऱ्या तीन-चार पुस्तकांवरची टीका आहे. पण सुरुवात गॅरेजमधून करावी लागेल. तुम्ही ‘पेट’ची तयारी करत असाल आणि तुमचा विषय गाड्यांचा नसून सोयाबीनच्या भावाचा किंवा संत-साहित्याचा असेल, तरी थांबा थोडं.

गाडी होती प्रीमियर पद्मिनी. ज्यांनी ती फक्त मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात पाहिली त्यांच्यासाठी दोन ओळी: वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या गाड्या बनवायची. १९६४ मध्ये ‘११०० डिलाइट’ आली, सत्तरच्या दशकात तिचंच नाव आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ झालं. (त्याआधीची गोलमटोल फियाट वेगळी. तिला आपल्याकडे लाडाने ‘डुक्कर फियाट’ म्हणायचे.) मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ ला, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून तिथल्या रस्त्यांवरून ती टॅक्सी संपली. बातम्या आल्या, लोक हळहळले, तुम्हीही स्टेटस ठेवलं असेल.

आपली गाडी टॅक्सी नव्हे, घरची. १९७५ ची. मालक निवृत्त आहेत, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. मी त्यांना काका म्हणते. दसऱ्याला पूजा आणि महिन्यातून एखाद्या रविवारी फुटाळ्यापर्यंत चक्कर, एवढंच तिचं काम. आत्ता रंग पांढरा. पण मूळ रंग कोणता, यावर घरात भांडण. काका म्हणतात आकाशी. अमरावतीला असणारी त्यांची मोठी बहीण म्हणते, मुळीच नाही, हिरवट होती, पिस्त्यासारखी, मी शाळेतून तिच्यातून यायची, मला सांगू नको. घरातले त्या काळचे फोटो ब्लॅक अँड व्हाइट. जुनं आरसी बुक हरवलं, आणि नव्या आरसीवर ‘पांढरा’ लिहिलेलं. काकांना गाडी मूळ रंगात आणायची होती, म्हणून ती कामठी रोडच्या बाजूच्या एका गल्लीत डेंटिंग-पेंटिंगला आली. आणि मी वही घेऊन तिथे बसले.

रंगकामाच्या आधी बंपर काढायचे. न काढता कडेने टेप आणि कागद लावूनही काम उरकता येतं, स्वस्तातले लोक तेच करतात. पण मग बंपरमागे गन पोचत नाही, टेपच्या कडेला रंगाचा काठ तयार होतो, आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी त्या काठाखाली शिरून पापुद्रा उचलतं. शिवाय गंज सगळ्यात जास्त लपतो तो तिथेच. चिखल उडून ब्रॅकेटमागे साचतो आणि ओलावा धरून ठेवतो.

आता छापील सूचना काय म्हणतात ते पाहा. दुरुस्तीची मॅन्युअल्स तुम्ही कधी वाचली नसतील तर जरूर वाचा, पद्धतीशास्त्राचं प्रकरण कसं लिहावं आणि कसं लिहू नये, हे दोन्ही त्यात शिकायला मिळतं. सगळ्यात प्रसिद्ध हेन्सची. जॉन हेन्स ब्रिटिश हवाई दलात असताना एका सहकाऱ्याची ऑस्टिन-हीली स्प्राइट दुरुस्त करत होते. कंपनीचं पुस्तक काही कामाचं नाही असं लक्षात आल्यावर त्यांनी गाडी उघडताना टप्प्याटप्प्याने फोटो काढले, आणि १९६६ मध्ये त्यातून पहिलं मॅन्युअल निघालं. या पुस्तकांची मोठी गोष्ट ही की लिहिणाऱ्यांनी गाडी खरोखर पूर्ण उघडून पुन्हा जोडलेली असे. म्हणजे लेखकाचे हात काळे झालेले आहेत. आपल्यातल्या किती जणांच्या तिसऱ्या प्रकरणाबद्दल असं म्हणता येईल?

तरीही या प्रकारच्या लेखनाचा एक दोष आहे. बंपरबद्दल ते साधारण असं सांगतं: नट सोडा, बंपर ब्रॅकेटसह काढा, बसवताना हेच उलट क्रमाने करा. यातला शेवटचा भाग मला आता जवळजवळ खोटा वाटतो. उलट क्रम फक्त नव्या गाडीला लागू होतो. पन्नास वर्षं जुन्या नटाला मागे जाता येत नाही. लोखंड गंजतं तेव्हा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये ती जास्तीची जागा नसते, म्हणून दोघं एकमेकांत जाम होतात. जोर लावला की नट फिरण्याऐवजी बोल्टच तुटतो. मॅन्युअलने गृहीत धरलेली गाडी आणि समोर उभी असलेली गाडी यांच्यात पन्नास पावसाळे आहेत, आणि मॅन्युअलच्या वाक्यात त्यासाठी जागा नाही.

मिस्त्रीभाऊंनी पहिल्या दिवशी एकही नट सोडला नाही. तारेच्या ब्रशने आट्या घासल्या, डिझेल सोडलं, वर पोतं टाकलं आणि दुसऱ्या गाडीकडे गेले. मी वहीत लिहिलं: ‘प्रतीक्षा. अव्यक्त निर्णय.’ (हो, बारावा.)

दुसऱ्या दिवशी त्यांनी नटावर पाना लावला आणि सोडायच्या ऐवजी किंचित कसला. मला वाटलं चुकून झालं. सरांचा समासातला प्रश्न आठवला, म्हणून विचारलं, भाऊ, उलटा काऊन फिरवला?

“आधी कसा लागते ना ताई, मंग सोडा लागते. जरासा कसला का जंग तुटते. एकदम सोडाले गेलं तर बोल्ट तुटते.”

आणि जोर किती लावायचा ते कसं समजतं?

“आवाज ऐका. टक् असा वाजला तर जंग तुटला, चांगलं आहे. आवाजच नाही आला अन् पाना रबरासारखा फिरून राहिला, तर थांबाचं. तो नट नाही फिरून राहिला, बोल्ट पिळून राहिला. अजून अर्धा फेरा दिला का गेला.”

मी पेन खाली ठेवलं. कारण ज्याला मी अव्यक्त म्हणत होते ते ज्ञान माणूस तीन वाक्यांत, उदाहरणासकट, कारण आणि धोका सांगून व्यक्त करून मोकळा झाला होता. त्याआधी चार महिने मी त्यांना विचारत होते ते प्रश्न असे: “तुम्हाला हे काम कसं येतं?” “तुम्ही कुठून शिकलात?” अशा प्रश्नाला माणूस काय उत्तर देणार? “सवयीनं येते.” आणि हे ‘सवयीनं येते’ मी अवतरणचिन्हात टाकून त्याखाली पोलान्यीचा संदर्भ देत होते.

आता पुस्तकांकडे येते. मायकेल पोलान्यी हा मूळचा भौतिक-रसायनशास्त्रज्ञ, हंगेरीत जन्मलेला, नंतर तत्त्वज्ञानाकडे वळला. १९५८ चं ‘पर्सनल नॉलेज’ आणि १९६६ चं ‘द टॅसिट डायमेन्शन’ ही त्याची पुस्तकं. त्याचं एक प्रसिद्ध वाक्य प्रत्येक शोधनिबंधाच्या सुरुवातीला असतं, म्हणून मी इथे देत नाही. मुद्दा असा, की सायकल चालवणाऱ्याला तोल सांभाळण्याचं भौतिकशास्त्र सांगता येत नाही, तरी तो पडत नाही. ओळखीचा चेहरा हजारांत ओळखता येतो, पण कशावरून ते सांगता येत नाही. पोलान्यीचा रोख विज्ञानाबद्दलच्या एका भाबड्या समजुतीवर होता, की खरं ज्ञान म्हणजे पूर्णपणे लिहिता येणारं, नियमांत मांडता येणारं ज्ञान. त्याची टीका त्या जागी योग्यच होती.

गडबड नंतर झाली. वैज्ञानिकांच्या फाजील आत्मविश्वासावर उगारलेला हा शब्द कारागिरांवर येऊन चिकटला, आणि चिकटताना त्याचा अर्थ फिरला. वैज्ञानिकाचं ज्ञान ‘काही अंशी अव्यक्त’ असतं, मिस्त्रीचं मात्र ‘अव्यक्त’च असतं. म्हणजे एकाला बोलता येतं, दुसऱ्याला फक्त करता येतं. लेखात हे कौतुकाच्या सुरात येतं, म्हणून खटकत नाही. पण नीट पाहिलं तर हात आणि डोकं यांची ती जुनीच वाटणी आहे, नव्या कपड्यांत. आणि तिचा फायदा कोणाला? मला. कारण ‘अव्यक्त’ म्हटलं की पुढे विचारायची जबाबदारी संपते.

हे सगळ्यात नीट कळलं हॅरी कॉलिन्स वाचताना. तुम्ही पोलान्यीआधी कॉलिन्स वाचा असा माझा सल्ला आहे, विभागातले काही लोक सहमत होणार नाहीत. १९७४ मध्ये त्याने एका प्रकारच्या लेसरवर, टीईए लेसरवर, अभ्यास प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या प्रयोगशाळांना तो लेसर बनवायचा होता, आणि त्याबद्दलचे शोधनिबंध छापलेले होते. त्याला असं आढळलं की केवळ छापील मजकूर वाचून कोणालाही चालणारा लेसर बनवता आला नाही. ज्यांनी बनवला त्यांचा आधी बनवलेल्या कोणाशी तरी प्रत्यक्ष संबंध होता, भेट किंवा फोन. म्हणजे भौतिकशास्त्रज्ञही ‘सवयीनं येते’ याच गटात! पुढे २०१० च्या ‘टॅसिट अँड एक्स्प्लिसिट नॉलेज’ या पुस्तकात त्याने अव्यक्ताचे तीन प्रकार वेगळे काढले. पहिलं, जे सांगता येतं पण सांगितलेलं नाही, कारण कोणी विचारलं नाही, कोणी लपवलं, किंवा समोरच्याला काय माहीत नाही हेच सांगणाऱ्याला माहीत नाही. दुसरं, जे शरीरात मुरलेलं असतं. तिसरं, जे समाजात राहूनच येतं, भाषेसारखं.

आता बंपर या तीन कप्प्यांत टाकून पाहा. ‘आधी कस, मग सोड’ हे सरळ पहिल्या कप्प्यातलं. पान्यातून येणारी ती रबरासारखी भावना दुसऱ्या कप्प्यातली, पण तिचंही नाव, लक्षण आणि उपाय मिस्त्रींनी सांगितलाच. शिकायला हात लागतो, सांगायला तोंड पुरतं. आणि बंपरचा क्रोम केलेला मूळ बोल्ट वाचवायचा की नट-बोल्ट दोन्ही कापून नवीन टाकायचे, हा निर्णय तिसऱ्या कप्प्यातला. तो गिऱ्हाईक कोण, भाग मिळतो का, शेजारच्या गल्लीतला लेथवाला आज दुकानात आहे का, यावर ठरतो.

उदाहरण देते. पुढच्या बंपरचा एक गोल डोक्याचा बोल्ट जागेवरच फिरायला लागला. अशा बोल्टच्या डोक्याखाली चौकोनी मान असते, ती चौकोनी भोकात अडकून बोल्टला फिरू देत नाही. पण भोक गंजून गोल झालं की मान सुटते. बाहेरून डोकं पकडायला धार नाही, व्हाइस-ग्रिप लावला तर क्रोम सोलून निघणार. मी म्हटलं गॅसने तापवा ना, व्हिडिओत दाखवतात. भाऊ हसले. तापवलं तर क्रोम निळसर पडेल. क्रोमचा थर किती असतो ठाऊक आहे? सजावटीच्या क्रोमचा थर सहसा एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, गंज अडवण्याचं खरं काम त्याखालचा निकेलचा थर करतो. हे आकडे भाऊंनी नाही सांगितले, ते मी नंतर वाचले. भाऊ म्हणाले, “वरचं क्रोम म्हणजे पानावरचा वर्ख आहे ताई.” त्यांनी मागच्या बाजूने नटच छिन्नीने उभा चिरला. नट गेला, बोल्ट वाचला.

रॉबर्ट पिर्सिगचं ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स’ तुम्हाला कोणीतरी नक्की सुचवेल. १९७४ चं पुस्तक. त्यात जाम झालेल्या एका स्क्रूवर पानंच्या पानं आहेत, आणि ती चांगली आहेत. त्याचं म्हणणं असं की स्क्रू अडकला की तुमची सगळी तयार उत्तरं संपतात, आणि तीच खऱ्या विचाराची सुरुवात असू शकते. (पुस्तकातला नायक आधी काही काळ बनारस हिंदू विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकलेला दाखवला आहे, त्यामुळे आपल्याकडे या पुस्तकाचं जरा जास्तच अप्रूप.) माझी तक्रार वेगळी आहे. पिर्सिगचा माणूस स्क्रूसमोर एकटा आहे. त्याला गॅरेजवाल्यांबद्दल अढी आहे, ते मन लावून काम करत नाहीत म्हणून. त्यामुळे अडकणं ही त्याच्यासाठी आध्यात्मिक घटना होते. आमच्या गल्लीत नट अडकला की पाच माणसं जमतात. एक जण डिझेलऐवजी ब्रेक ऑइल सुचवतो, दुसरा त्याला वेड्यात काढतो, लेथवाला येऊन भोकाकडे बघून काही न बोलता परत जातो आणि दहा मिनिटांनी एक पातळ छिन्नी घेऊन येतो. इथे अडकणं म्हणजे बैठक. तुम्ही ‘एकट्या कारागिराची ध्यानमग्नता’ शोधायला गेलात तर ही बैठक तुम्हाला गोंगाट वाटेल आणि वहीत येणारच नाही. माझ्या पहिल्या सहा महिन्यांच्या वहीत ती नाही.

‘जुगाड’वाल्या पुस्तकांबद्दल मी लिहिणार नाही, जागा कमी आहे. एवढंच सांगते की भाऊंसमोर मी तो शब्द काढला तेव्हा त्यांचा चेहरा पडला. त्यांच्या भाषेत जुगाड म्हणजे तात्पुरतं, गिऱ्हाईक गल्लीच्या बाहेर जाईपर्यंत टिकणारं काम.

याउलट डग्लस हार्परचं ‘वर्किंग नॉलेज’ वाचाच. १९८७ चं. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातल्या ग्रामीण इलाख्यातला विली नावाचा एक मिस्त्री, साब गाड्या दुरुस्त करणारा, आणि हार्पर हा समाजशास्त्रज्ञ. हार्परने एक साधी गोष्ट केली. कामाचे फोटो काढले आणि मग ते फोटो विलीसमोर ठेवून त्याला बोलायला लावलं. ‘तुम्हाला हे कसं येतं’ असं न विचारता ‘या फोटोत तुमचा डावा हात इथे का आहे’ असं विचारलं की माणूस बोलतो, भरभरून बोलतो. मी ही पद्धत मेमध्ये वापरायला सुरुवात केली, मोबाइलवर फोटो काढून दुपारच्या जेवणाच्या वेळी दाखवते. अकरापैकी सात ‘अव्यक्त’ आत्तापर्यंत खोडले गेलेत. हार्परवरही टीका आहे माझी. एक माणूस, एक दुकान, आणि लेखक त्याचा मित्र. संपत चाललेल्या जगाचा एक हळवा सूर पुस्तकभर आहे. नागपुरात ते जग संपत वगैरे नाही, ते स्कूटरवरून ई-रिक्षावर सरकलंय. आणि विलीच्या दुकानातली पोरं? माझ्या गॅरेजमध्ये एक सोळा-सतरा वर्षांचा पोरगा आहे. त्याच्याकडून काय व्यक्त होतं, हे कोणतंच पुस्तक मला सांगत नाही.

त्या पोराचंच आता सांगायचं आहे, आणि दोष त्याचा नाही.

मागचा बंपर निघाला त्या दिवशी दुपारी पारा त्रेचाळीसवर होता. शेवटचा नट निघताना दोघांनी बंपर धरला, खाली गोधडी अंथरलेली, कारण पडला तर क्रोमही जातं आणि पायही. भाऊंनी प्रत्येक नट-बोल्ट त्याच्या वायसरसकट वेगवेगळ्या डब्यांत टाकला, झाकणावर खडूने ‘मागे डावा’, ‘मागे उजवा’. कुठे दोन वायसर होते, कुठे तीन. ते अंतर जुळवायला घातलेले असतात, एक हरवला की बंपर वाकडा बसतो आणि मग मालक म्हणतो पत्रा नीट ठोकला नाही. हे सगळं मी टिपून घेतलं. बंपरमागे, ब्रॅकेटच्या सावलीत, पांढऱ्याखाली अजून एक रंग दिसत होता. धुळीने माखलेला, पण होता. उन्हाने न विटलेला, नंतरच्या गनपासून वाचलेला. पन्नास वर्षं कोणी न पाहिलेला. मी म्हटलं, चहा घेऊन येते, मग नीट पुसून फोटो काढू.

वीस मिनिटांनी आले तर पोराने मागचा पत्रा मशीनने घासून चकचकीत केला होता. त्याला कोणी थांबायला सांगितलं नव्हतं. त्याचं काम अगदी बरोबर झालं होतं, प्रायमर लावायच्या आधी पत्रा असाच हवा. पुढच्या बाजूला आशा होती, पण तिथे बंपर काढल्यावर कळलं की पुढचं पॅनल कधीकाळी ठोकर लागून बदललेलं आहे. पांढऱ्याखाली थेट राखाडी प्रायमर.

त्या रात्री मी माझं तिसरं प्रकरण पुन्हा उघडलं. त्यात माझ्याच सर्वेक्षणाबद्दल एक वाक्य होतं: ‘अपूर्ण प्रतिसाद वगळून विदा स्वच्छ करण्यात आली.’ किती प्रतिसाद? चौदा. अपूर्ण म्हणजे कसे? त्यातल्या नऊ जणांनी कमाईचा रकाना रिकामा ठेवला होता. का ठेवला असेल, याचा मी विचार केला नव्हता. प्रायमर लावायच्या आधी पत्रा असाच हवा म्हणून मशीन फिरवलं होतं. तुमच्या लक्षात येतंय ना? ‘विदा स्वच्छ केली’ हे आपल्या मॅन्युअलमधलं ‘बंपर काढा’ आहे. त्या नऊ वह्या सुदैवाने अजून माझ्या कपाटात आहेत.

संवर्धनाच्या क्षेत्रात हा धडा बऱ्याच आधी लिहून ठेवलाय. इमारतींसाठी १९६४ ची व्हेनिसची सनद, आणि तिच्याच धर्तीवर जुन्या वाहनांसाठी ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने केलेली ट्यूरिनची सनद. दोन्हींचा भर एकाच गोष्टीवर: हात लावण्याआधी नोंद करा, आणि जे केलं त्याचीही नोंद ठेवा. जुन्या रंगाचे थर वाचायची पद्धतही ठरलेली आहे. एका छोट्या जागी बारीक वॉटर पेपरने हळूहळू घासत बशीसारखा खोलगट गोल करायचा, म्हणजे झाडाच्या वलयांसारखे सगळे थर एकापाठोपाठ दिसतात. रुपयाएवढी जागा आणि दहा मिनिटं. मला हे माहीत होतं. मी ते वाचलेलं होतं, त्याच्या नोट्स काढलेल्या होत्या. आणि मी चहाला गेले. सांगता येणारं, लिहिलेलं, वाचलेलं ज्ञान वेळेवर हाताशी न येणं, याला कॉलिन्सच्या तीन कप्प्यांत कुठे जागा आहे ते मला अजून सापडलेलं नाही. माझ्या मते त्याच्या वर्गीकरणातली ही खरी उणीव आहे. तो ‘सांगितलं की पोचलं’ असं धरून चालतो.

आपल्याकडचा नियम मात्र याबाबतीत फारच गुळमुळीत आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली, पन्नास वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळू लागली, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरबदल नसावा. मूळ रूप! १९७५ चं, की काकांच्या वडिलांनी पहिल्यांदा रंगवलं तेव्हाचं? रंग मूळ रूपात मोडतो का? पुढचं बदललेलं पॅनल? काकांनी अर्जाचा विचार केला होता, पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल असल्या कारणांपुरतीच रस्त्यावर काढता येते, रोजच्या वापराला नाही, हे कळल्यावर म्हणाले, “मग फुटाळ्याला काय हिला ढकलत नेऊ?” विषय संपला.

दुसऱ्या दिवशी मी गप्प बसलेली पाहून भाऊंनी विचारलं काय झालं. सांगितलं. त्यांनी काही न बोलता ‘मागे डावा’ लिहिलेला डबा काढला आणि एक वायसर माझ्या हातावर ठेवला.

“वायसरखाली कोणी घासत नाही ताई. पलटवून पाहा.”

पत्र्याला टेकलेल्या बाजूला, गंजाच्या दोन डागांमध्ये, नखाएवढा रंगाचा पापुद्रा चिकटून आला होता. मी तो खिडकीजवळ नेला, सावलीत नेला, पांढऱ्या कागदावर ठेवला, पट्टी शेजारी ठेवून सोळा फोटो काढले. मग भाऊंना विचारलं, तुम्हाला कसं सुचलं की इथे असेल? यावेळी प्रश्न बरोबर होता बहुतेक, कारण उत्तर लांब आलं: विम्याच्या कामात गाडी आधी ठोकलेली आहे का हे ओळखायला ते वायसरच काढून पाहतात, खाली दुसरा रंग निघाला की गाडी रंगवलेली. ते उत्तर आता प्रकरण तीनमध्ये दीड पान आहे.

काकांनी पापुद्रा चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाले, बघ, आकाशी. व्हिडिओ कॉलवर आत्यांना दाखवला. त्या म्हणाल्या, हिरवाच आहे की. पेंटवाल्याकडे जुळवायला नेला तर त्याने शेडकार्डावरच्या तीन पट्ट्या काढून दिल्या आणि म्हणाला, तुम्ही ठरवा, पण पावसाळ्याच्या आत ठरवा. दमट हवेत ड्यूको मारला की वर पांढुरकी झाक येते. मृग तोंडावर आला आहे. गाडी अजून राखाडी प्रायमरमध्येच उभी आहे, बंपर गोधडीत गुंडाळून माळ्यावर आहेत, आणि आत्या येत्या रविवारी अमरावतीहून स्वतः येऊन बघणार आहेत.